अक्काची कवळी आणि माझे भारी शब्द

मी कवळ्या करतो. हे कोणाला सांगितलं की समोरचा माणूस लगेच तोंड मिटून घेतो, जणू मी त्याचे दात मोजायलाच आलोय. दवाखान्याच्या पुढच्या खोलीत डॉक्टर बसतात. तिथे पडदे, मासिकं, रंगीत माशांची काचपेटी, सगळं आहे. मागच्या खोलीत मी बसतो. तिथे प्लॅस्टरची धूळ, मेणाचा वास, एक शेगडी आणि फळीवर ओळीने मांडलेले या भागातल्या बऱ्याचशा वडीलधाऱ्यांचे जबडे. रस्त्यात कोणी हसलं की त्याचे दात खरे की माझे, हे मला लांबूनच कळतं. एवढं ज्ञान असून ते कुठे बोलून दाखवता येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

इंग्रजीशी माझं शाळेत जे बिनसलं, ते बिनसलंच. थोरले डॉक्टर होते तोवर काही अडलं नाही. ते चिठ्ठीवर ‘जरा आखूड कर’ असं मराठीत लिहायचे आणि मी आखूड करायचो. मग ते घरी बसले आणि त्यांची लेक त्या खुर्चीवर आली. मॅडम बोलायला फार चांगल्या. पण मराठी वाक्यात त्या मध्येच एखादा इंग्रजी शब्द टाकतात, आणि अख्ख्या वाक्यात कामाचा शब्द नेमका तोच असतो. मी मान डोलवायचो. न कळता मान डोलवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

एकदा दातांचं सामान विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला. फळीवरची एक कवळी त्याने उचलली, उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली आणि मॅडमना म्हणाला, की हे तुमचे काका फारच मेटिक्युलस आहेत. मॅडम हसल्या. मी हसलो नाही. मला त्या शब्दाचा आवाजच आवडला नव्हता, एखाद्या त्वचारोगाचं नाव असावं तसा. त्या माणसाला मी चहा विचारला नाही, त्याचे नमुने न बघताच परत केले आणि दुपारभर घासण्याचं मशीन उगाचच जोरात चालवलं. घरी येऊन शब्दकोश उघडला. अत्यंत काटेकोर, बारीकसारीक गोष्टींत काळजी घेणारा. उभ्या आयुष्यात माझी तोंडावर कोणी स्तुती केली ती त्या दिवशी, आणि ती मी शिवी समजून वाया घालवली.

बायको शिवणकाम करते. तिला हे सांगितलं तर ती इतकी हसली की तिला मशीन थांबवावं लागलं. मी मात्र मनाशी ठरवलं, की यापुढे एकही कौतुक आपल्याला चुकवून पुढे जाता कामा नये.

जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडे इंग्रजी शब्दांच्या पुस्तकाचे भाग होते: प्राथमिक, मध्यम आणि प्रगत. त्याने मला पहिल्यापासून सुरुवात करा असं सुचवलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने निमूटपणे प्रगत भाग बांधून दिला. त्याचा परिणाम असा झाला, की हांजी हांजी करणाऱ्या माणसाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येतं, पण ‘दाराची कडी लावा’ म्हणायचं असेल तर हातवारे करावे लागतात.

माझी अभ्यासाची पद्धतही माझ्यासारखीच. प्रत्येक जबड्याच्या साच्याच्या तळाला आम्ही पेन्सिलीने पेशंटचं नाव लिहितो. मी नावाखाली एक शब्द लिहायला लागलो. साचा हातात घेतला की शब्द दिसायचा, उलटा केला की आठवून बघायचा. खोलीत कोणी नसलं की मोठ्याने म्हणायचो. फळीवरचे सगळे जबडे आ वासून ऐकायचे, आणि इतका गुणी वर्ग कुठल्याही मास्तराला मिळाला नसेल. एकदा मॅडमनी एक साचा उचलला आणि तळ बघून थबकल्या. नावाखाली लिहिलं होतं ‘फॅस्टिडियस’, म्हणजे काहीही पुढे केलं तरी नाक मुरडणारा. या आजोबांबद्दल हे तुम्ही लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. मी घाईघाईने सांगितलं की नाही नाही, तो माझा अभ्यास आहे. मॅडम साचा खाली ठेवत हळूच म्हणाल्या, की तसे आजोबा आहेतही.

शब्द पाठ होत होते, अर्थ पाठ होत होते, फक्त कुठला शब्द कुठल्या अर्थाचा यात अधूनमधून गल्लत व्हायची. एका निवृत्त हेडमास्तरांना मी कवळी हातात देताना अभिमानाने सांगितलं, की तुमचे दात अगदी इफेमरल झालेत. मला म्हणायचं होतं चिरकाल टिकणारे. निघालं क्षणभंगुर. हेडमास्तरांनी कवळी तोंडात न घालता खिशात ठेवली आणि मॅडमना भेटून जातो म्हणाले.

हे सगळं चाललं होतं तेव्हा घरात अक्का गप्प होत गेली.

अक्का माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहते. आई लवकर गेली तेव्हा तिने मला वाढवलं, म्हणजे मुख्यतः रागावून वाढवलं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती सुपरवायझर होती. तिथे चादरी धुणारी मशीनं दिवसभर घरघरत असायची, आणि त्या घरघरीवर आवाज चढवून बायकांकडून काम करून घ्यायचं हा तिचा धंदा. निवृत्त झाली तरी आवाज खाली आला नाही. सकाळी टॉवेल कॉटवर टाकला म्हणून, दुपारी डबा धुतला नाही म्हणून, संध्याकाळी चपला दारात आडव्या पडल्या म्हणून ती ओरडायची. ‘बब्या’ अशी हाक आली की मी अजूनही, या वयात, आधी हातातलं काहीतरी लपवतो.

मग तिच्या हिरड्या खराब झाल्या आणि एकेक करत सगळे दात काढावे लागले. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी करता येत नाही, तेव्हा थांबणं आलं. पहिले काही दिवस अक्का बोळक्या तोंडानेही आम्हाला पुरून उरली. पण एकदा तिने लाँड्रीतल्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला. मैत्रीण विचारत राहिली, कोण बोलतंय, कोण बोलतंय. अक्काने नाव सांगितलं, ते तिला कळलं नाही. पुन्हा सांगितलं, तेही कळलं नाही. अक्काने फोन खाली ठेवला आणि त्यानंतर तिने तोंड उघडणं जवळजवळ बंद केलं. जेवायला बसली की तोंडावर रुमाल. चपला दारात आडव्या पडल्या तर ती स्वतःच वाकून सरळ करायची आणि आत निघून जायची.

मला ते बघवायचं नाही. ज्या घरात कोणी आपल्याला ओरडत नाही, ते घर दुसऱ्याचं वाटतं. अक्काला पुन्हा बोलती करायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि हे काम जगात जर कोणाच्या हातात असेल तर ते माझ्याच, या विचाराने छातीही जरा फुगली होती. खरं सांगायचं तर तिच्या अबोलपणाला मला एक शब्दही सापडला होता, टॅसिटर्न. आणि पूर्वीच्या अक्काला दुसरा, व्होसिफरस, म्हणजे घसा ताणून बोलणारी. हे दोन शब्द मी बायकोला समजावून सांगितले. ती म्हणाली, नाव ठेवून झालं असेल तर अक्कांना दात कधी देताय ते सांगा.

हिरड्या भरल्या, माप घेतलं, साचा झाला. पक्की कवळी करण्याआधी आम्ही मेणाच्या तळावर दात लावून ती पेशंटच्या तोंडात घालून बघतो. त्याच वेळी बोलणं तपासायचं असतं. मेणात आहेत तोवर दात मागेपुढे सरकवता येतात, एकदा पक्की झाली की नाही. आमच्या दवाखान्यात याची पद्धत थोरल्या डॉक्टरांपासून एकच आहे. पेशंटला पन्नास ते साठ मोठ्याने मोजायला सांगायचं. पन्नासमध्ये ओठ मिटतात, बावन्नमध्ये मिटून उघडतात, सत्तावन्नमध्ये दातांमधून वारा जातो. सगळे आकडे स्वच्छ आले की दात जागेवर बसले. मॅडम तेव्हा कुठल्याशा परिषदेला गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या होत्या, अक्का तुमच्याच आहेत, पन्नास ते साठ मोजून घ्या म्हणजे झालं.

पण पन्नास ते साठ हे काय, कोणीही मोजतं. माझ्या बहिणीच्या दातांची परीक्षा माझ्या दर्जाची व्हायला नको का? माझ्या पुस्तकाच्या सुरुवातीला उच्चारांचं एक पान होतं. त्यात लिहिलं होतं की इंग्रजीतला व्ह आणि फ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांच्या कडेला टेकला पाहिजे. हे वाचून मला वाटलं होतं की पुस्तक खास कवळी करणाऱ्यांसाठीच लिहिलंय. मी अक्काला खुर्चीत बसवलं, मेणाची कवळी घातली आणि म्हटलं, म्हण, व्हिव्हेशस.

अक्काने माझ्याकडे बघितलं. पूर्वीची अक्का असती तर तिने त्या शब्दाची आणि माझी एकदमच विल्हेवाट लावली असती. ही अक्का निमूटपणे म्हणायला लागली. ओठ दातांना नीट लागत नव्हता. मी दात थोडे खाली घेतले. पुन्हा म्हणायला लावलं. थोडे पुढे काढले. फॅस्टिडियस. आणखी थोडे. व्होसिफरस. फर्व्हर. मी मेण गरम करत होतो, दात सरकवत होतो, ती म्हणत होती, आणि शेवटी तिच्या तोंडून ‘व्हिव्हेशस’ असं काही आलं की बातम्या देणाऱ्या बाईनेही ऐकत राहावं. मी टाळ्या वाजवल्या. तिला अर्थही सांगितला: उत्साहाने सळसळणारी. अक्का हसली. तिच्या तोंडात दात बघून मला इतका आनंद झाला की दुसरं काही तपासायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. त्याच दिवशी मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरून कवळी पक्की केली. तळ असा घासला, अशी चकाकी आणली की त्या कंपनीच्या माणसाला पुन्हा एकदा बोलवावं.

घरी अक्का कवळी घालून बसली. सगळ्यांनी पाहिली, सगळ्यांनी कौतुक केलं. ती जेवली, पाणी प्यायली, आरशात पाहून केस सारखे केले. फक्त बोलली नाही. मी सर्वांना समजावलं की नवीन कवळीला तोंड सरावायला वेळ लागतो, आणि त्यालाही माझ्याकडे एक शब्द होता. संध्याकाळी कामावरून आलो की मी तिला व्हिव्हेशस म्हणायला सांगायचो. ती म्हणायची. मी खूश होऊन हातपाय धुवायला जायचो. शेजारी आले तर त्यांच्यासमोरही म्हणायला लावलं. एवढा निर्लज्जपणा माझ्यात कुठून आला कोण जाणे.

हे काही दिवस चाललं. मग एका सुट्टीच्या सकाळी मी दाढी करत होतो आणि अक्का आतल्या खोलीतून उठून, पाय ओढत, मोरीपर्यंत आली, तिने माझ्या खांद्याला हात लावला आणि बोटाने दाखवलं की बाहेर कोणी आलंय. आलेल्या माणसाला वाटेला लावून मी परत आलो तेव्हा बायको कात्री हातात धरून माझ्याकडे बघत उभी होती.

“अक्का तुम्हाला हाक का मारत नाहीत?” ती म्हणाली. “मी बघतेय केव्हाची. ‘हो’ म्हणतात, ‘नाही’ म्हणतात, ‘ठेव’, ‘दे’, ‘झालं’. तुमचं नाव एकदाही घेतलेलं नाही. गुडघे दुखतात तरी उठून येतात, पण हाक मारत नाहीत.”

मी तोंडाला साबण तसाच ठेवून अक्काकडे गेलो. ती खिडकीशी बसली होती. मी म्हटलं, अक्का, पन्नासपासून मोज बघू. तिने मान हलवली. मी पुन्हा म्हटलं. तिने रुमाल हातात घट्ट धरला आणि म्हणाली, फन्नास. मग एक्कावन्न नीट आलं. मग वावन्न.

पुढे मोजायची गरज नव्हती. व्ह आणि फ साठी मी दात इतके पुढे आणि खाली काढले होते की तिचे ओठच एकमेकांना टेकत नव्हते. प नाही, ब नाही, म नाही. माझी बहीण प्रगत इंग्रजी बोलू शकत होती, पण तिला ‘मला’ म्हणता येत नव्हतं. ‘बब्या’ तर पहिल्या अक्षरापासूनच गेलं. आणि मी रोज घरी येऊन, तिच्यासमोर उकिडवा बसून, तिच्याकडून फक्त ती अक्षरं म्हणून घेत होतो जी तिला येत होती, आणि टाळ्या वाजवत होतो. मला इतकी शरम वाटली की साबण वाळून गालाला चरचरायला लागला तरी मी तिथेच उभा होतो.

मॅडम परत आल्या होत्या. त्यांना सगळं सांगावं लागलं. मी मान खाली घालून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कवळी हातात घेतली, साच्यावर बसवून पाहिली. काय म्हणायला लावलं होतं असं त्यांनी विचारलं, आणि मी ‘व्हिव्हेशस’ म्हटल्यावर त्या घाईने काचपेटीतले मासे बघायला वळल्या. बराच वेळ त्यांची पाठच माझ्याकडे होती. मग म्हणाल्या, काका, पन्नास ते साठ सोपं आहे म्हणून नाही, त्यात सगळं तोंड येतं म्हणून आहे. यात मला न कळणारा एकही शब्द नव्हता.

मी पुढचे दात कापून काढले. आपलंच काम आपल्याच हाताने तोडताना जीवावर येतं, पण त्या दिवशी आलं नाही. पुन्हा मेण, पुन्हा दात. मागे घेतले, वर घेतले. या वेळी अक्काला आणलं तेव्हा मॅडम स्वतः समोर बसल्या आणि मी भिंतीला टेकून उभा राहिलो. अक्काने मोजलं. पन्नास, एक्कावन्न, बावन्न. सावकाश, एकेक आकडा नीट पारखून घेतल्यासारखी ती साठपर्यंत गेली. मॅडमनी मान डोलवली आणि कवळी पक्की करायला सांगितली. व्हिव्हेशस आता कसा येतो हे कोणी विचारलं नाही, मी तर नाहीच.

कवळी तयार झाल्यावर मी अक्काला पुन्हा मागच्या खोलीत बोलावलं. माझ्या स्टुलावर बसवलं. कवळी धुऊन तिच्या हातात दिली, तिने ती बसवली, ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. पुढच्या खोलीत दोन-तीन पेशंट बसले होते, त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. जी गोष्ट आतल्या आत खात होती, ती मी विचारून टाकली. अक्का, बोलता येत नव्हतं तर मला सांगितलं का नाहीस? निदान मान तरी हलवायचीस.

अक्का साच्यांच्या फळीकडे बघत राहिली.

“तू किती खूश होतास,” ती म्हणाली. “रोज घरी आलास की माझ्यापुढे बसायचास. इतकी वर्षं तू माझ्यापुढे असा कधी बसला नव्हतास, ओरडले की पळून जायचास. मला वाटलं, याला ते इंग्रजी ऐकायला आवडतंय, तर तेच म्हणावं. बाकी माझं बोलणं नाही झालं तरी काय मोठंसं बिघडणार होतं?”

प, ब, म, सगळं स्वच्छ आलं होतं. मी ते ऐकलंही, कारण धंद्याची सवय जात नाही. पण बाकीचंही मी ऐकलं. माझी अशी समजूत होती की मी तिला बोलती करायला निघालोय. ती बिचारी माझ्यासाठी गप्प राहिली होती.

“अक्का, तू ओरडली नाहीस तर मला घरी करमत नाही,” मी म्हटलं. आजवर तिला हे मी कधी सांगितलं नव्हतं, कुठल्याच भाषेत.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग खोलीकडे बघितलं, आणि बोटाने टेबलाची कड पुसून ते बोट माझ्या डोळ्यांपुढे धरलं. ही काय खोली आहे का, तिने सुरुवात केली. या धुळीत बसतोस आणि मग रात्रभर खोकतोस. त्या खिडकीचं तावदान कधी पुसलंयस? शेगडीशेजारी कागद ठेवतात का? हा शर्ट किती दिवस अंगावर आहे? दाढी केलीस ती अर्धीच का केलीस? आवाज चढत गेला. पुढच्या खोलीतलं बोलणं थांबलं. कोणीतरी दारातून डोकावून गेलं. मॅडमनी पडदा बाजूला करून पाहिलं आणि हळूच परत सोडला. मी मान खाली घालून उभा राहिलो आणि एकेक शब्द ऐकत होतो. मध्येच श्वास घ्यायला ती थांबली, की संपलं की काय म्हणून मी घाईने मान वर करायचो.